कातळ काळा, धुकं पांढरं: कृष्णधवल फिल्मवर सह्याद्री टिपताना उजेड कसा मोजायचा

फिल्म कॅमेरा नव्याने हातात घेतलेल्या मंडळींकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. रोल धुऊन आला, आभाळ आलं, ढगही आले, पण डोंगर मात्र नुसता काळा. कड्याच्या भेगा नाहीत, कारवीची झुडपं नाहीत, पायथ्याचं गाव नाही. मग दोष कधी जुन्या कॅमेऱ्याला दिला जातो, कधी रोल धुणाऱ्याला. बहुतेक वेळा दोघेही निर्दोष असतात. मीटरने उजेड बरोबर मोजलेला असतो. चित्रातला कुठला अंधार राखायचा आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

डिजिटलवरून येणाऱ्यांना इथे एक सवय बदलावी लागते. डिजिटलमध्ये पांढरं फुटू नये म्हणून आपण जपतो आणि सावल्या नंतर संगणकावर उचलतो. निगेटिव्ह फिल्मचं उलट आहे. जास्त उजेड ती बरीच सोसते, दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त पडले तरी चित्र निघतं. पण ज्या सावलीला पुरेसा उजेड मिळाला नाही, तिथे निगेटिव्हवर चांदीच जमत नाही. जे फिल्मवर नोंदलंच गेलं नाही ते कुठल्याही स्कॅनरला किंवा एन्लार्जरला परत आणता येत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

१. निघण्यापूर्वीचं सामान

- शटर (उजेड किती वेळ आत येतो) आणि ॲपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं, एफ/१६सारख्या आकड्यांत) दोन्ही हाताने लावता येईल असा कॅमेरा. निकॉन एफएम२ किंवा एफएम१०, पेंटॅक्स के१०००, याशिका एफएक्स-३, किंवा घरच्या कपाटात पडून असलेला याशिका मॅट १२४जी, काहीही चालेल.
- एकाच प्रकारची फिल्म. ट्रायपॉड असेल तर इलफर्ड एफपी४ प्लस (गती, म्हणजे आयएसओ, १२५), हातात धरून काढणार असाल तर एचपी५ प्लस (४००). फोमापॅन आणि केंटमियर स्वस्त पडतात, शिकायला उत्तम.
- मीटर. एका अंशाचा स्पॉट मीटर, म्हणजे समोरच्या अगदी छोट्या जागेचाच उजेड मोजणारा, मिळाला तर फारच छान. नसेल तर कॅमेऱ्यातला किंवा मोबाइलवरचं मीटरचं ॲप.
- ग्रे कार्ड. म्हणजे मधल्या करड्या रंगाचं कार्ड; खिशात मावेल एवढा तुकडा पुरे.
- ट्रायपॉड आणि केबल रिलीज (कॅमेरा न हलवता शटर दाबायची तार).
- पिवळा आणि केशरी फिल्टर. लाल नंतर घ्या.
- छोटी वही आणि पेन्सिल. पेनची शाई पावसात पसरते.
- जादा बटण सेल, सुती कापड, झिपच्या पिशव्या आणि सिलिका जेलच्या पुड्या.

यातली सेलची गोष्ट जरा नीट बघा. याशिका मॅट १२४जीसारखे कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनलेले आहेत, आणि ते सेल आता मिळत नाहीत. त्यांच्या जागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की काटा हलतो, त्यामुळे मीटर ठीक आहे असं वाटतं. पण तो उजेड जास्त दाखवतो आणि फिल्मला कमी मिळतो. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल साधारण १.४ व्होल्टचा असतो, त्यावर काम भागतं. तो जागेवर घट्ट बसण्यासाठी बारीक रिंग लागू शकते. एफएम२ किंवा के१०००ला ही अडचण नाही. त्यांना एलआर४४पेक्षा एसआर४४ घाला, कारण त्याचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सारखा राहतो.

मीटर खरं बोलतोय का, हे घरच्या गच्चीवर पाहता येतं. दिवाळीनंतरच्या एखाद्या स्वच्छ दुपारी ग्रे कार्ड उन्हात धरा आणि मोजा. फिल्मची गती १२५ असेल तर उत्तर एफ/१६ला १/१२५ सेकंदाच्या आसपास यायला हवं. अर्धा-पाऊण स्टॉप इकडेतिकडे चालेल. दोन स्टॉपचा फरक आला तर मीटर दुरुस्त करून घ्या, किंवा तेवढी वजाबाकी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ॲप वापरणाऱ्यांनीही हे करावं, आणि ॲपमध्ये आयएसओ कितीवर आहे ते दरवेळी बघावं. मागच्या वेळचा ४०० तसाच राहतो आणि कॅमेऱ्यात १२५ची फिल्म असते, हा प्रकार फार सर्रास घडतो.

२. मीटर नेमकं काय सांगतो

कॅमेऱ्यातला किंवा स्पॉट मीटर वस्तूवरून परत आलेला उजेड मोजतो. समोर काय आहे हे त्याला कळत नाही. तो एवढंच गृहीत धरतो की जे दिसतंय ते मधल्या करड्या रंगाचं आहे, आणि ते तसंच करडं उमटेल असं एक्स्पोजर (शटर आणि ॲपर्चर मिळून फिल्मला मिळणारा उजेड) सांगतो. म्हणून पावसाने भिजलेल्या काळ्या बेसाल्टवर मीटर धरला आणि त्याचं ऐकलं, तर कातळ करडा येईल. माळशेजच्या धुक्यावर धरला तर धुकंही करडं, मळकट येईल. दोन्ही वेळा मीटरचं काम चोख आहे, आपण त्याला उत्तर समजलो तिथे गडबड झाली.

हा करडा मधला धरून, १९४०च्या सुमारास ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवताना झोन पद्धत बसवली. पूर्ण काळ्यापासून कागदाच्या पांढऱ्यापर्यंत ० ते १० अशी पायरी, आणि प्रत्येक पायरी म्हणजे एक स्टॉप. सगळ्या पायऱ्या पाठ करायची गरज नाही. डोंगरात कामाला येतात त्या एवढ्याच:

- झोन २: काळा, त्यात काहीतरी आहे एवढीच चाहूल.
- झोन ३: गडद, पण पोत पूर्ण दिसतो. सावलीतल्या कातळाच्या भेगा, झाडाची साल.
- झोन ५: मधला करडा. मीटर जे सांगतो ते.
- झोन ७: उजळ, पोत शाबूत. उन्हातलं वाळलेलं गवत, ढगाचा भरीव भाग.
- झोन ८: पांढरं, पोत जेमतेम. धबधब्याचा फेस, सूर्याजवळचं आभाळ.

३. फिल्मची गती स्वतःसाठी ठरवा

डब्यावरचा आकडा कारखान्यातल्या ठरावीक चाचणीचा असतो. तुमचा शटर, तुमचा मीटर, तुमचा डेव्हलपर (फिल्म धुण्याचं रसायन) आणि तुमची टँक हलवण्याची पद्धत वेगळी असते. त्यामुळे कृष्णधवल फिल्मवर निसर्गचित्रं काढणारे बरेच जण डब्यावरच्या गतीपेक्षा कमी गती लावतात. पहिल्या दोन-तीन रोलांसाठी सरळ निम्मी धरा: एचपी५ असेल तर २००, एफपी४ असेल तर ६४. सावल्यांना एक स्टॉप जादा मिळतो, आणि नवख्या माणसाला त्याची फार गरज असते.

नंतर हौस असेल तर चाचणी करा. सावलीतली, सगळीकडे सारखा उजेड पडलेली साधी भिंत घ्या. लेन्सचा फोकस अनंतावर ठेवा. भिंत मोजा आणि मीटर सांगतो त्यापेक्षा चार स्टॉप कमी उजेड द्या, म्हणजे भिंत झोन १वर बसेल. एचपी५ असेल तर मीटरवर ४००, ३२०, २५०, २००, १६०, १०० अशा गती लावत एकेक फ्रेम घ्या, आणि एक फ्रेम लेन्सवर टोपण ठेवून कोरी सोडा. रोल नेहमीसारखा धुवा. उजेडासमोर धरून कोऱ्या फ्रेमच्या शेजारी एकेक फ्रेम पाहत या. जी पहिली फ्रेम कोऱ्यापेक्षा किंचित गडद ओळखू येते, तिची गती ती तुमची. एकदा ठरली की ती बदलू नका, आणि फिल्मही बदलू नका.

४. चित्रातला महत्त्वाचा अंधार शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कॅमेरा ट्रायपॉडवर चढवण्याआधी नुसतं उभं राहून बघा, आणि स्वतःला विचारा: या चित्रातली सगळ्यात गडद अशी कुठली जागा आहे, जिथे मला तपशील हवाच आहे? सगळ्यात गडद जागा शोधायची नाही. तपशील हवा असलेली सगळ्यात गडद जागा शोधायची.

रतनगडाच्या नेढ्यात उभं राहून बाहेरचा मुलूख टिपायचा असेल, तर नेढ्याचा आतला कातळ चौकटीसारखा काळाच राहू द्यावा. तिथे झोन ३ धरायला गेलात तर बाहेरचे डोंगर इतके वर जातील की ते पांढऱ्यात विरतील, आणि नेढ्याचा तो भोकसा आकारही ढिला पडेल. अशा चित्रात महत्त्वाची सावली बाहेर असते, समोरच्या डोंगराच्या घळीत. याउलट सांदण दरीच्या आत असाल तर दोन्ही बाजूंचे कातळ हेच चित्र असतं. तिथे खालच्या अंधाऱ्या भिंतीचे थर दिसायला हवेत, आणि वर दिसणारी आभाळाची चीर पांढरी झाली तर होऊ द्या.

स्पॉट मीटर असेल तर ही जागा लांबूनच मोजता येते. नसेल तर चार मार्ग आहेत:

- जवळ जाता येत असेल तर जा. सावलीने फ्रेम भरून टाका आणि मोजा. मोजताना स्वतःची सावली तिथे पडू देऊ नका.
- एसएलआर असेल आणि पिशवीत १३५ किंवा २०० मिलिमीटरची लेन्स असेल, तर मोजण्यापुरती ती लावा. चित्र नंतर २८ने काढलं तरी चालतं.
- मोबाइलच्या ॲपमध्ये झूम करून नेमक्या सावलीवर बोट ठेवा.
- स्वतःचा तळहात मोजा. घरी एकदा ग्रे कार्ड आणि तळहात एकाच उजेडात मोजून फरक लिहून ठेवा. तो बहुधा एका स्टॉपच्या आसपास निघतो. डोंगरात ज्या प्रकारच्या सावलीचं माप हवं आहे, तशाच सावलीत हात धरा आणि तो फरक वजा करा. करडं कार्ड त्या सावलीत धरल्यासारखं माप मिळतं. मात्र हे माप सावलीत पडणाऱ्या उजेडाचं आहे, कातळाचं नाही. त्यामुळे पुढच्या पायरीतले दोन स्टॉप इथे सरसकट वजा करू नका, एकच करा.

एक सापळा दूरच्या डोंगरांचा. रांगेमागे रांग दिसते, तेव्हा लांबच्या रांगेतली सावली हवेतल्या धुरकटपणामुळे मुळातच उजळ झालेली असते. तिला सावली समजून झोन ३वर बसवलंत तर जवळचा कडा पूर्ण बुडेल. मोजायची ती नेहमी जवळची सावली. लांबच्या रांगा आपोआप झोन ५-६च्या आसपास पडतात, आणि त्या तशाच छान दिसतात.

५. मोजा, आणि दोन स्टॉप कमी करा

सावलीवर मीटर धरला की तो तिला झोन ५वर आणणारं एक्स्पोजर सांगतो. आपल्याला ती झोन ३वर हवी आहे. म्हणून मीटर सांगतो त्यापेक्षा दोन स्टॉप कमी उजेड द्यायचा. ही दिशा लक्षात ठेवा, कारण सुरुवातीला बरेच जण सावली गडद आहे म्हणून उलट उजेड वाढवतात.

एक उदाहरण आकड्यांसकट बघू. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, दिवाळीनंतरची संध्याकाळ, ऊन तिरपं. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी तो सावलीत असतो आणि उतरत्या उन्हात त्याच्या अंतर्गोल पोटावरचे थर उठून दिसतात. तुम्ही कड्याच्या एका टोकाजवळ, काठापासून सुरक्षित अंतरावर ट्रायपॉड लावलाय. काठावरचं वाळलेलं गवत पायाखाली सरकतं, तेव्हा व्ह्यूफाइंडरला डोळा लावून एक पाऊलही हलू नका.

स्पॉट मीटर फिल्मच्या गतीवर लावलेला आहे. तो ईव्हीमध्ये (एक्स्पोजर व्हॅल्यू) आकडे दाखवतो, आणि एका आकड्याचा फरक म्हणजे एक स्टॉप. कॅमेऱ्यावर मोठ्या आकड्याचं एक्स्पोजर लावलं की फिल्मला उजेड कमी मिळतो:

- कड्याच्या पोटाखालची सावलीतली कपार: १०
- उन्हातला कातळ: साडेबारा
- काठावरचं पिवळं गवत: १४
- क्षितिजाजवळचं धुरकट आभाळ: १५

तपशील हवा तो कपारीत. तिला झोन ३वर बसवायचं, म्हणजे १० अधिक २ बरोबर १२. ईव्ही १२ म्हणजे एफ/१६ला १/१५ सेकंद. हेच तुमचं एक्स्पोजर. आता बाकीचं कुठे पडतं बघा. उन्हातला कातळ झोन साडेपाच. गवत झोन ७, काडी न् काडी दिसेल. आभाळ झोन ८, जवळपास पांढरं. सगळं चित्र फिल्मवर मावतं.

आता हेच कॅमेऱ्याच्या सरासरी मीटरने केलं असतं तर? फ्रेमचा बराच भाग आभाळ आणि गवताने व्यापलेला, म्हणून मीटरने साडेतेराच्या आसपास सांगितलं असतं. कपार झोन दीडवर गेली असती, म्हणजे काळी. रोल धुऊन आल्यावर डोंगर नुसता काळा का दिसतो, त्याचं उत्तर या दीड स्टॉपमध्ये आहे.

स्पॉट मीटर नसलेल्यांसाठी यातून एक सोपा नियम निघतो: मोजताना कॅमेरा खाली झुकवा, आभाळ फ्रेमबाहेर काढा, ते माप धरून ठेवा आणि मग फ्रेम नीट लावा. झोनचे आकडे न मांडता एवढंच केलंत तरी निम्मे रोल सुधारतील.

६. वरचं टोक तपासा

एक्स्पोजर सावलीने ठरलं. आता पोत हवा असलेली सगळ्यात उजळ जागा मोजा आणि ती कितव्या झोनमध्ये पडते ते बघा. झोन ७ किंवा ८ असेल तर रोल नेहमीच्या वेळेने धुवायचा. ९ किंवा त्याच्या वर गेली तर वहीत उणेची खूण करा, हा रोल कमी वेळ धुवायचा. आणि सगळ्यात उजळ जागाच झोन ६च्या खाली असेल, जसं ढगाळ दिवशी होतं, तर अधिकची खूण करा. जुन्या छायाचित्रकारांचा नियम हाच: एक्स्पोजर सावल्यांसाठी, डेव्हलपिंग (म्हणजे रोल धुणं) उजेडासाठी.

अडचण अशी की रोलवरच्या सगळ्या फ्रेम एकाच वेळी धुतल्या जातात. म्हणून शक्यतो एका रोलवर एकाच प्रकारचा उजेड ठेवा. मिडियम फॉरमॅटमध्ये बारा फ्रेमचा रोल एका जागी, एका संध्याकाळी संपवता येतो, हा त्याचा मोठाच फायदा. ३५ मिलिमीटरवाल्यांनी कडक उन्हाचा रोल आणि धुक्याचा रोल वेगळा ठेवावा; मधेच रोल काढायचा झाला तर फ्रेमचा आकडा लिहून गुंडाळावा, फिल्मचं जिभेसारखं टोक बाहेर ठेवावं, आणि पुन्हा घालताना दोन फ्रेम जास्त सोडून द्याव्यात.

७. पावसाळा, धुकं आणि ओला कातळ

पावसाळ्यात सह्याद्रीचं गणित पालटतं. ऊन नाही, म्हणून सावल्या नाहीत. पण बेसाल्ट भिजून जवळजवळ काळा होतो आणि त्याच्या शेजारी धबधब्याचं पांढरं पाणी असतं. अशा वेळी मोजायचा तो ओला कातळ, आणि बसवायचा झोन ३वर. पाणी मोजून खात्री करा. ते झोन ८वर गेलं तरी हरकत नाही. फक्त पाण्यावर मोजून त्यावर एक्स्पोजर ठरवू नका.

नुसतं धुकं असेल, त्यात एखादं झाड किंवा मंदिराचा कळस तेवढा दिसत असेल, तर सावलीवरून मोजायला काही उरतच नाही. तिथे धुकंच मोजा आणि मीटर सांगतो त्यापेक्षा एक ते दीड स्टॉप जास्त द्या. मग ते झोन ६-७वर पडतं आणि खऱ्या धुक्यासारखं उजळ दिसतं. धुकं सरकत असतं, त्यामुळे दर दोन मिनिटांनी पुन्हा मोजा.

फिल्टरने धुकं कापता येईल असं काही जणांना वाटतं. उन्हाळ्यातला निळसर धुरकटपणा केशरी-लाल फिल्टरने बराच कमी होतो, हे खरं. पण पावसाळी धुक्यातले पाण्याचे थेंब सगळ्याच रंगांचा उजेड सारखा पसरवतात. तिथे फिल्टर फक्त तुमचे स्टॉप खातो.

८. फिल्टर लावताना

फिल्टर स्वतःच्या रंगाच्या वस्तू उजळ करतो आणि विरुद्ध रंगाच्या गडद. पिवळ्याला साधारण १ स्टॉप जास्त द्यावा लागतो, केशरी आणि हिरव्याला साधारण २, लालला ३. तुमच्या फिल्टरच्या कंपनीने दिलेला आकडा असेल तर तोच धरा. वरच्या कोकणकड्याच्या उदाहरणात पिवळा लावला तर १/१५चं १/८ होईल.

सह्याद्रीच्या माथ्यावर बेसाल्ट करडाच असतो, त्यामुळे फिल्टरचा परिणाम मुख्यतः आभाळावर आणि झाडोऱ्यावर दिसतो. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर मात्र गंमत वेगळी. जांभा तांबडा, आभाळ निळं. केशरी किंवा लाल फिल्टर लावला की दगड उजळतो आणि आभाळ गडद होतं. तोच दगड हिरव्या फिल्टरने काळपट येईल. सप्टेंबरात पठारांवर सोनकी फुलते तेव्हाही केशरी फिल्टर कामाला येतो. फिल्टरशिवाय पिवळी फुलं आणि हिरवा पाला यांच्यातला फरक फिल्मवर कमी पडतो. केशरीने फुलं उजळ राहतात आणि पाला खाली बसतो. सोनकीचं अख्खं पठार नुसत्या करड्या गालिच्यासारखं आलेलं पाहून हिरमोड झालेल्यांनी हे जरूर करून बघावं.

दोन सापळे इथे आहेत. एक, कॅमेऱ्यातल्या मीटरने लाल फिल्टरमधून मोजू नका. बऱ्याच मीटरचे सेल तांबड्या उजेडाला फिल्मपेक्षा जास्त संवेदनशील असतात आणि उजेड खरा आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. फिल्टर काढून मोजा आणि स्टॉप हाताने वाढवा. दुसरा सापळा जास्त महत्त्वाचा. उघड्या आभाळाखालच्या सावल्यांमध्ये उजेड येतो तो निळ्या आभाळाचा. लाल फिल्टर नेमका तोच अडवतो. म्हणून ठरलेले ३ स्टॉप देऊनही सावल्या अपेक्षेपेक्षा गडद येतात. निरभ्र दिवशी लाल फिल्टर लावलात तर अर्धा ते एक स्टॉप आणखी द्या.

९. एक सेकंदाच्या पुढे गेलात तर

पहाटे, दाट जंगलात किंवा सांदणसारख्या दरीत एफ/१६ला माप सहज काही सेकंदांवर जातं. (सांदण पावसाळ्यात टाळा. पाण्याचा लोंढा येतो आणि बाहेर पळायला वाट नसते.) इतक्या मंद उजेडात फिल्मची ग्रहणशक्ती कमी होते, आणि मीटरने सांगितलेला वेळ पुरत नाही. इलफर्डने आपल्या फिल्मसाठी दिलेल्या सूत्राने आकडे साधारण असे येतात:

- मीटर ४ सेकंद सांगतो: दोन्ही फिल्मना साधारण ६ सेकंद
- मीटर १० सेकंद सांगतो: एफपी४ला १८, एचपी५ला २०
- मीटर ३० सेकंद सांगतो: एफपी४ला ७३, एचपी५ला ८६

हा तक्ता वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. दुसऱ्या कंपनीच्या फिल्मचे आकडे वेगळे असतात. फुजीच्या ॲक्रॉसला दोन मिनिटांपर्यंत काही वाढवावंच लागत नाही. फिल्टर लावला असेल तर आधी फिल्टरचे स्टॉप मिळवा, मग जो वेळ येईल त्यावर ही वाढ करा. क्रम उलटा केला तर फिल्म कमीच पडते.

१०. रोल धुताना

बाहेर धुवायला देत असाल तर रोलवर कागद चिकटवून लावलेली गती आणि वहीतली उणे-अधिकची खूण लिहा. घरी धुणं अवघड नाही, आणि माझं स्पष्ट मत आहे की निसर्गचित्रांसाठी ते घरीच करावं, कारण सहाव्या पायरीतला निम्मा निर्णय इथे अमलात येतो.

आयडी-११ किंवा डी-७६ डेव्हलपर, एकास एक पाणी मिसळून, २० अंश सेल्सिअसला एचपी५साठी १३ मिनिटं आणि एफपी४साठी ११ मिनिटं, हे सुरुवातीचे आकडे. उणेची खूण असेल तर १५ ते २० टक्के वेळ कमी करा, अधिकची असेल तर तेवढाच वाढवा.

२० अंश ही आपल्याकडची खरी अडचण. मे महिन्यात नळाचं पाणी तिशीला टेकतं. रसायनांच्या बाटल्या बादलीत बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि थर्मामीटरवर नजर ठेवा. २४ अंशांच्या खाली आणताच येत नसेल तर दर अंशाला साधारण १० टक्के वेळ कमी करा. पण एकूण वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नका, डाग पडतात. फिक्सर आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाच्या आसपास ठेवा. पावसाळ्यात निगेटिव्ह वाळायला फार वेळ लागतो. पंख्याखाली टांगू नका, धूळ बसते; अंघोळ होऊन ओली असलेली, दार बंद केलेली न्हाणी सगळ्यात बरी. पूर्ण वाळल्यावरच स्लीव्हमध्ये घाला आणि डब्यात सिलिका जेल ठेवा, नाहीतर बुरशी लागते.

११. निगेटिव्ह वाचा, स्कॅन नंतर बघा

स्कॅनर आपणहून उजेड-अंधार सावरतो, त्यामुळे चूक एक्स्पोजरची होती की डेव्हलपिंगची, ते कळत नाही. आधी निगेटिव्ह पांढऱ्या पडद्यासमोर किंवा खिडकीच्या उजेडात धरा. फ्रेमच्या बाहेर कडेला कंपनीची अक्षरं आणि आकडे असतात, ते कसे आलेत ते पहिल्यांदा बघा. ते कॅमेऱ्यात नाही, कारखान्यात उमटवलेले असतात, म्हणून त्यांचा गडदपणा फक्त डेव्हलपिंगवर अवलंबून असतो.

- अक्षरं चांगली गडद, पण सावल्यांच्या जागी फिल्म काचेसारखी स्वच्छ: एक्स्पोजर कमी पडलं. पुढच्या रोलला गती आणखी खाली आणा, किंवा सावली शोधताना तुम्ही खरोखर कुठली मोजलीत ते वहीत बघा.
- अक्षरंही फिकी आणि सगळं चित्रच पुचाट: डेव्हलपिंग कमी झालं. थर्मामीटर, वेळ आणि रसायनाचं वय तपासा.
- सावल्यांत तपशील आहे, पण आभाळ इतकं घट्ट काळं की पलीकडचं काही दिसत नाही: डेव्हलपिंग जास्त झालं. १५ टक्के कमी करा.
- सावल्यांपासून सगळंच जरा गडद, पण प्रत्येक ठिकाणी तपशील: एक्स्पोजर जास्त आहे. एक स्टॉपपर्यंत असेल तर काही बदलू नका.

एका रोलनंतर एकच गोष्ट बदला. गती आणि धुण्याची वेळ दोन्ही एकदम बदलली तर फरक कशाने पडला ते सांगता येत नाही. प्रत्येक फ्रेमसाठी वहीत एवढं लिहा: कुठली सावली मोजली, तिचा आकडा, तिला कुठल्या झोनवर बसवलं, सगळ्यात उजळ जागेचा आकडा, फिल्टर, आणि शेवटी लावलेलं एक्स्पोजर. निगेटिव्ह हातात घ्याल तेव्हा ती वही शेजारी उघडी ठेवा.